मुंबई–कोबे : एका जलमार्गाची कुळकथा

नागपूरला समुद्र नाही. तरीही जपानच्या कोबे बंदरातून निघालेल्या एका ऐतिहासिक जलमार्गाचे मूळ शोधू गेल्यास ते इथल्या जुम्मा तलावाच्या, म्हणजे आजच्या गांधीसागरच्या काठी सापडते.

१८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरात पोचली आणि इथला कापूस थेट मुंबईच्या बंदराशी जोडला गेला. कापूस पिकतो तिथेच गिरणी काढावी, या विचाराने जमशेटजी टाटांनी तलावाजवळची दलदलीची जमीन घेतली, भराव घातला आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. रेल्वेच्या मालवाहतुकीत मुरलेले बेझनजी मेहता तिचे व्यवस्थापक झाले. सुताच्या या धंद्यासाठी पूर्वेच्या बाजारपेठा टाटांना महत्त्वाच्या होत्या.

तिकडे कोबे बंदर १८६८ साली परदेशी व्यापाराला खुले झाले. १८७४ पासून कोबे–ओसाका रेल्वे धावू लागली आणि ओसाकात सूतगिरण्या वाढल्या. त्यांना आखूड धाग्याचा भारतीय कापूस हवा होता. त्यातल्या एका जातीचे व्यापारी नाव ‘ऊमरा’; ते आपल्या अमरावतीवरूनच पडले.

गासड्या तयार होत्या, गिऱ्हाईक तयार होते. आडवे येत होते जहाजाचे भाडे. पी अँड ओ ही ब्रिटिश जहाज कंपनी आणि तिच्या जोडीदार युरोपीय कंपन्यांनी संगनमताने ते चढे ठेवले होते. १८९३ साली टाटा जपानला गेले. उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्याशी बोलणी झाली आणि निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीशी, दोघांनी मिळून जहाजे चालवण्याची भागीदारी ठरली. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईकडे निघाली. जपानी कंपनीने चालवलेला दूरच्या समुद्रातला हा पहिला नियमित मार्ग होय.

मक्तेदारांनी भाडे पाडून टाटांची जहाजे बंद पाडली. पण जपानी गिरणीवाले आपल्या जहाजांशी बांधील राहिले आणि मार्ग टिकला. पुढे १८९६ साली जपानने कापसावरील आयातकरही उठवला.

एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल आहे. रोज हजारो नागपूरकर तिथून ये-जा करतात. या जागेचा दूरच्या कोबेशी असलेला संबंध सांगणारा एक साधा फलक तिथे लागावा. रुळांनी समुद्र गाठणाऱ्या या शहराचा तेवढा हक्क नक्कीच आहे.