निशादीप्त मेघ आणि हौशी निरीक्षकांचे छायाचित्रण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

विज्ञानाच्या इतिहासात वेधशाळा व विद्यापीठे यांची नोंद अगत्याने होते. त्यांच्याबाहेर राहून आकाश न्याहाळणाऱ्यांची मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात निशादीप्त मेघांच्या अभ्यासाच्या अनुषंगाने, हौशी निरीक्षकाचे छायाचित्र शास्त्रीय पुरावा केव्हा ठरते, या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याची धूळ व वायू वातावरणाच्या उच्च थरांत पसरून जगभर विलक्षण संधिप्रकाश दिसू लागले. सप्टेंबरात दक्षिण भारतात सूर्य हिरवा दिसला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक मिची स्मिथ यांनी त्याच्या वर्णपटाचे निरीक्षण केले. (महाविद्यालयीन अध्यापकाने अध्यापन सांभाळून केलेले हे संशोधन आज मुद्दाम आठवण्याजोगे आहे.) लंडनमध्ये विल्यम ॲस्क्रॉफ्ट या चित्रकाराने थेम्सकाठी बसून संधिप्रकाशाची पाचशेहून अधिक रंगचित्रे रेखाटली. ती सुंदर आहेत, तत्कालीन रंगच्छटांची साक्षही देतात. परंतु त्यांवरून कोणत्याही थराची उंची मोजता येत नाही.

संधिप्रकाशाकडे पाहण्याची ही सवय पुढे उपयोगी पडली. जून १८८५ मध्ये सूर्यास्तानंतर बऱ्याच वेळाने उत्तर आकाशात रुपेरी-निळसर, लाटांसारखे ढग चमकताना युरोपात अनेकांनी पाहिले. ८ जूनची नोंद टी. डब्ल्यू. बॅकहाउस यांची आहे. ते संडरलंडचे हौशी खगोलनिरीक्षक होते व त्या वेळी जर्मनीत किसिंगेन येथे होते. त्याच महिन्यात मॉस्कोत त्सेरास्की व बर्लिनमध्ये ऑटो येसे यांनीही हे ढग पाहिले.

येसे काटेकोर अर्थाने हौशी नव्हते, ते बर्लिन वेधशाळेशी संबंधित होते. परंतु या विषयाला छायाचित्राची जोड दिली ती त्यांनीच. १८८७ मध्ये त्यांनी या ढगांची छायाचित्रे मिळविली. पुढे बर्लिनच्या परिसरातील वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच क्षणी छायाचित्रे घेण्याची व्यवस्था झाली. ढगाचा एकच भाग दोन ठिकाणांहून पार्श्वभूमीवरील ताऱ्यांच्या संदर्भात किंचित सरकलेला दिसतो. ठिकाणांमधील अंतर माहीत असले की या सरकण्यावरून उंची काढता येते. ती निघाली सुमारे ८२ किलोमीटर! नेहमीचे ढग त्या अक्षांशांत पंधरा किलोमीटरच्या आतच राहतात. आजची मोजमापे ८० ते ८५ किलोमीटर सांगतात, म्हणजे काचेच्या तबकड्यांवरील ते गणित अचूकच होते. येसे यांना हे ढग क्राकाटोआच्या द्रव्याचे वाटले होते. ते अनुमान मात्र टिकले नाही. हे ढग बर्फकणांचे असल्याचे आता निश्चित झाले आहे. १८८५ पूर्वी ते नव्हतेच, की कोणी लक्षच दिले नव्हते, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही. त्या काळातील छायाचित्रेच नसल्याने तो मिटणे कठीण आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. छायाचित्र आपोआप पुरावा होत नाही. वेळ, ठिकाण व दिशा यांची नोंद नसलेले उत्तम छायाचित्रही ॲस्क्रॉफ्टच्या रंगचित्राहून फार पुढे जात नाही. येसे यांचे यश कॅमेऱ्याइतकेच घड्याळाचेही होते.

अलीकडचे एक उदाहरण याच मुद्द्याला पुष्टी देते. कॅनडातील अल्बर्टा प्रांतातील हौशी छायाचित्रकार ध्रुवीय प्रकाशाच्या दक्षिणेस दिसणारा एक अरुंद जांभळट पट्टा वर्षानुवर्षे टिपत होते व त्याला ‘प्रोटॉन आर्क’ म्हणत होते. तज्ज्ञांना ते नाव मान्य नव्हते, कारण प्रोटॉनजन्य प्रकाश सहसा डोळ्यांना दिसत नाही. छायाचित्रांवरील वेळ युरोपीय ‘स्वार्म’ उपग्रहाच्या मोजमापांशी ताडून पाहता, सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर तापमान ३००० अंशांनी वाढलेले आढळले. २०१८ मध्ये यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्या हौशी निरीक्षकांपैकी काहींची नावे सहलेखक म्हणून छापली गेली. पट्ट्याला मात्र त्यांनी गमतीने ठेवलेले ‘स्टीव्ह’ हेच नाव शास्त्रज्ञांनी कायम ठेवले.