मिरान हुसेन : निजामशाहीतला एक जळता बिछाना

१५८८च्या सुमारास अहमदनगरात मुर्तझा निजामशहाने, मुलगा गादी बळकावील या संशयाने, मिरान हुसेनच्या बिछान्याला आग लावली. किशोरवयीन मुलगा वाचला, दौलताबादेस पोहोचला. परतल्यावर त्याने बापाला हमामखान्यात कोंडले, खाली जाळ पेटवून मारले. सुमारे दहा महिन्यांत त्याचाही खून झाला. तेव्हा नगरातच असलेल्या फिरिश्त्याने हे नोंदवले. इतिहासात मुलगा ‘पितृहंता’ ठरला; बापाला मात्र ‘दिवाणा’ म्हणून सूट!

मिरानच्या मनाचे निदान आज करता येणार नाही. पण मानसशास्त्र सांगते की घरातच जिवाला भय असलेल्या मुलाचे शरीर सतत धोक्याच्या पवित्र्यात राहते. कुमारवयात नैराश्याचा संभव त्यामुळे वाढतो; आणि ते नैराश्य पुष्कळदा अश्रूंऐवजी संतापातून प्रकटते.