साऱ्या देशाचे डोळे एका माणसावर

पुणे कराराची तारीख आपल्या पोरांना पाठ असते, पण त्या दिवसांत बाबासाहेबांवर काय गुदरलं असेल, हे आम्ही कधी बोलत नाही. १९३२ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. २० सप्टेंबरला गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केले आणि सारा देश बाबासाहेबांच्या तोंडाकडे बघत बसला. कुणी देशद्रोही म्हटलं, कुणी विनवण्या केल्या. गांधीजींचं बरंवाईट झालं असतं तर गावकुसाबाहेरची आपली माणसं कुणी वाचवली असती? २४ तारखेला सही झाली. राखीव जागा १४८ झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ मात्र गेले. हा पेच बाबासाहेबांनी पुढे १९४५ सालच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात स्वतःच मांडला.