आप्तेष्टांना कूटचलनाची ओळख

बिटकॉइन हे पहिले विकेंद्रित कूटचलन जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात. अशा एका भागास सातोशी म्हणतात. त्यामुळे मित्राला किंवा नातेवाइकाला ओळख करून देण्यास अल्प रक्कमही पुरते.

स्वतःच्या मोबाइलवरील वॉलेट पुन्हा मिळवण्यासाठी बहुधा १२ किंवा २४ शब्द दिले जातात. ते कागदावर लिहून जपावेत. शिकवणाऱ्यालाही दाखवू नयेत. मोबाइल आणि हे शब्द दोन्ही गमावल्यास कोणतीही बँक ती रक्कम परत मिळवून देऊ शकत नाही.

रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८ मधील निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. तथापि, भारतात कूटचलनास वैध चलनाचा दर्जा नाही. एप्रिल २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के प्राप्तिकर लागू असून, एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या व्यवहाराच्या नफ्यातून वजा करता येत नाही. आई-वडील, भावंडे अशा नातेवाइकांनी दिलेली भेट करमुक्त असते. मित्रांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटींचे मूल्य ५०,००० रुपयांहून अधिक झाल्यास मात्र ते घेणाऱ्याचे करपात्र उत्पन्न ठरते. म्हणूनच पहिल्या व्यवहारापासून तारीख व किंमत यांची नोंद ठेवण्यास शिकवणे हितावह ठरते.