चवदार तळ्याचा फोटो कोण काढणार?

दरवर्षी २० मार्चला चवदार तळ्यावर हजारो मोबाईल वर होतात. फोटो निघतात, स्टेटसला लागतात आणि दोन दिवसांत विरून जातात. पण १९२७ चा तो दिवस आपण कशातून ओळखतो? त्याच वर्षी ३ एप्रिलला सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’मधून आणि कॉम्रेड आर. बी. मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या आठवणींतून. म्हणजे शब्दांतून. ओंजळीत पाणी घेतलेले बाबासाहेब आपण घराच्या भिंतीवर लावतो, ते चित्रकाराने रंगवलेले आहेत.

तेव्हा देशात कॅमेरा नव्हता का? होता. तो शिकवणारा वर्गही त्याआधी सत्तर वर्षांपूर्वीच निघाला होता.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण तिथे शिकले आणि नावाजलेले छायाचित्रकार झाले. आता पुढचेच वर्ष पाहा. जून १८५६ मध्ये याच मुंबई इलाख्यातल्या धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. ज्याला अक्षरे गिरवायला वर्गात बसू दिले नाही, त्याला कॅमेरा हाताळायला कोण देणार? महाडची गोष्ट वेगळी नव्हती. पुढे सत्याग्रहासाठी राबलेल्या मोरे यांनाही लहानपणी महाडच्या इंग्रजी शाळेतला प्रवेश भांडूनच मिळवावा लागला.

मग कॅमेऱ्याशी आपली ओळख झाली ती त्याच्यासमोर उभे राहून. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले. त्यांत जातीजमातींची माणसे नमुने म्हणून मांडलेली आहेत. मागे उभा राहणारा साहेब, समोर उभी राहणारी जात, अशी ही वाटणी होती.

कोणी म्हणेल, शिकायचे वय निघून गेले, आता नोकरी आहे, संसार आहे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके सिनेमाचे तंत्र शिकायला लंडनला गेले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. आयुर्विम्याची पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसा उभा केला. त्यांची जिद्द मान्यच आहे. पण पाठीशी जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याच्या कलाभवनातले शिक्षणही होते, आणि तारण ठेवायला पॉलिसी होती.

आपल्याकडेही एकाने तारण ठेवले. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण व्हावे म्हणून नामदेवराव व्हटकरांनी आपला छापखाना गहाण टाकला. आज आपण तो जनसागर हलत्या चित्रांत पाहतो, तो त्यांच्यामुळे. एका माणसाने पोटापाण्याचे साधन गहाण टाकले तेव्हा समाजाची आठवण वाचली. हा अभिमानाचा विषय आहे, तसाच विचार करण्याचाही आहे. समाजाचा इतिहास किती दिवस एकट्यादुकट्याच्या कर्जावर चालणार?

बाबासाहेबांचे उत्तर संस्थेचे होते. १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले आणि वर्ग सकाळी भरवले. का? दिवसा नोकरी करणाऱ्यालाही पदवी घेता यावी म्हणून. कामगाराच्या वेळेप्रमाणे घड्याळ लावणारे शिक्षण ही आपलीच परंपरा आहे.

आता महाड एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या पोरीचा किंवा पोलादपूरच्या वाडीतून एसटीने येणाऱ्या पोराचा विचार करा. त्यांना रीतसर फोटोग्राफी शिकायची असेल तर मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते. म्हणजे नोकरी सोडा, भाड्याची खोली घ्या. नाहीतर लग्नाच्या सीझनला एखाद्या स्टुडिओवाल्याच्या मागे लाइट धरून उभे राहा आणि तो सांगेल तेवढेच शिका.

‘यूट्यूबवर सगळे मिळते’, असे म्हणणारे मित्र आहेत. बटणे कळतात, हे खरे. पण आपला फोटो चुकला कुठे, हे समोर बसून कोण सांगणार? फोटोखाली तारीख, गाव आणि प्रसंग लिहायचा, मूळ फाइल जपायची, समोरच्याची संमती घ्यायची, ही शिस्त कोण लावणार? २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली होते, तळियेत दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही माणसे गेली. अशा वेळी नीट नोंद असलेला फोटो हा पुरावा असतो. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे कॅमेऱ्यातून वर्षानुवर्षे मांडले, म्हणून शहराला त्याकडे पाहावे लागले. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. कॅमेऱ्यामागे कोण उभे आहे, त्यावर काय दिसेल हे ठरते.

म्हणून मागणी साधी आहे. महाडमध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे. जवळच लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. खोल्या आहेत, संगणक आहेत. रविवारी आणि संध्याकाळी भरणारा, वयाची अट नसलेला, परवडणाऱ्या फीचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग तिथे का सुरू होऊ नये? कॅमेरे वर्गाचे असावेत. विकत घेण्याची अट घातली तर आपली निम्मी मुले दारातूनच परत जातील. निवेदन लिहा, सह्या गोळा करा, प्राचार्यांना भेटा.

२० मार्च २०२७ हा सत्याग्रहाच्या शताब्दीचा दिवस. १९२७ ला आपल्या माणसांनी पाण्याला हात लावला. शंभराव्या वर्षाची नोंद तरी आपल्या शिकलेल्या हातांनी व्हावी.

जय भीम!