अदृश्य ठिपक्याची हकीकत

गेल्या वर्षीं पत्नीच्या दुखऱ्या गुडघ्यासाठीं पट्टा हवा म्हणून मीं संगणकावर एका दुकानाचें पान उघडलें, किंमत पाहिली आणि पान मिटलें. दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्र वाचावयास उघडतों, तों अग्रलेखाच्या शेजारीं तोच पट्टा! दुकान वेगळें, वृत्तपत्र वेगळें. मग एकाकडची गोष्ट दुसऱ्यास सांगितली कोणीं? ह्या चुगलीचें मूळ शोधतां शोधतां मी एका ठिपक्यापाशीं येऊन पोहोंचलों. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

१९९३ च्या आरंभीं वेबच्या पानावर मजकुराच्या मध्येंच चित्र दाखविण्याची सर्वमान्य सोय नव्हती. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत काम करणाऱ्या मार्क अँड्रीसन ह्या तरुणानें अशी सूचना मांडली कीं, पानाच्या मजकुरांत ‘अमुक पत्त्यावरून चित्र आणून येथें लाव’ अशी आज्ञा देणारी एक खूण असावी. त्याच्या व त्याच्या सोबत्यांच्या ‘मोझेक’ ब्राउझरनें ती अमलांत आणली. चित्राचा पत्ता पानाच्या मालकाचाच असला पाहिजे, असें बंधन मात्र कोणी घातलें नाहीं. माझ्या मतें पुढील साऱ्या इतिहासाचें बीज ह्या एका मोकळीकींत आहे.

कारण चित्र मागावयाचें म्हणजे देणाऱ्याच्या दारांत जाणें आलें. ब्राउझरला आपला पत्ता सांगावाच लागतो. नाहीं तर चित्र पाठवावयाचें कोठें? वेळेची नोंद तेथें आपोआप होते, आणि कोणतें पान वाचतांना चित्राची गरज पडली, हेंही बहुधा कळविलें जाई. १९९४ मध्यें नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यानें ‘कुकी’ची युक्ति काढली. कुकी म्हणजे सर्व्हरनें ब्राउझरपाशीं ठेवावयास दिलेली एक चिठ्ठी. पुन्हां त्याच दारीं गेल्यावर ब्राउझर ती मुकाट्यानें दाखवितो. चित्र आणि चिठ्ठी एकत्र आलीं, आणि दूरच्या तिऱ्हाइतास वाचक ओळखूं येऊं लागला. दुकानाच्या आणि वृत्तपत्राच्या पानांवर एकाच जाहिरात-पेढीचीं चित्रें असलीं, म्हणजे पट्ट्याची बातमी एकीकडून दुसरीकडे जावयास वेळ लागत नाहीं.

मग चित्र दिसण्याची तरी जरुरी काय? लांबी एक ठिपका, रुंदी एक ठिपका, रंग पारदर्शक. असलें चित्र ४३ बाइटांत मावतें. पानें रचणारे लोक मजकुरांत अंतर सोडण्यासाठीं तें वापरीतच होते. जाहिरातदारांनीं त्याला हेराचें काम दिलें. १९९९ मध्यें रिचर्ड स्मिथ ह्या अमेरिकन संशोधकानें लोकांस ह्याविषयीं सावध केलें. तेव्हां ह्या ठिपक्याला ‘वेब बग’ म्हणत. भिंतींत दडविलेल्या चोरट्या श्रवणयंत्रास इंग्रजींत जो शब्द आहे, तोच हा.

तथापि हा ठिपका केवळ दुष्ट आहे असा ग्रह होऊं नये. दलालीच्या व्यापारांत त्याची खरी गरज होती. इतरांनीं आपल्या पानांवरून गिऱ्हाईक पाठवावें व विक्री झाल्यास दलाली घ्यावी, अशी योजना ॲमेझॉननें १९९६ मध्यें सुरू केली. ॲमेझॉनचें दप्तर ॲमेझॉनपाशींच होतें. परंतु पुढें अनेक दुकानांचा हिशेब ठेवणाऱ्या मध्यस्थ पेढ्या निघाल्या. १९९८ मध्यें स्थापन झालेली कमिशन जंक्शन ही त्यांतलीच. आतां दुकान एकाचें, दलाल दुसरा आणि हिशेबनीस तिसरा. विक्री झाली हें तिसऱ्यास कळावें कसें? दलालाच्या दुव्यावरून निघालेलें गिऱ्हाईक पेढीच्या दारावरून पुढें जातें; तेथें त्याला चिठ्ठी मिळते. दुकानांत पैसे भरल्यावर आभाराचें पान उघडतें. त्या पानांत पेढीचा ठिपका बसविलेला असतो, व ठिपक्याच्या पत्त्यालाच मागणीचा क्रमांक आणि रक्कम जोडलेली असते. ब्राउझर ठिपका मागतो, चिठ्ठी दाखवितो, आणि पेढी दलालाच्या खात्यावर दलाली मांडते.

मीं तीस वर्षें वर्गांत हजेरी घेतली आहे. नांव पुकारावें, ‘हजर’ असा आवाज यावा, पटावर खूण करावी. पण आवाज त्या नांवाच्या मुलाचाच कशावरून? गैरहजर मित्राच्या वतीनें ‘हजर’ म्हणणारीं मुलें मीं पाहिलीं आहेत, आणि कबूल करतों, कित्येकदां फसलोंही आहें. ईबे कंपनीची नेमकी हीच फसगत झाली. कांहीं दलालांनीं अशी व्यवस्था केली कीं, वाचकानें दुवा दाबला नाहीं तरी चिठ्ठी त्याच्या ब्राउझरांत पडावी. पुढें तो मनुष्य आपण होऊन ईबेवर खरेदीस गेला, कीं दलाली ह्यांची! ईबेनें २००८ मध्यें फिर्याद केली. फौजदारी खटलेही झाले, आणि २०१४ मध्यें दोघांना कैदेची शिक्षा झाली.

फेसबुकनें २०१५ मध्यें आपला नवा ‘पिक्सेल’ काढला. त्यांत मुख्य काम एक लहानशी आज्ञावली करते. ती चालत नसेल तेथें जुना ठिपका पुढें होतो. गुडघ्याच्या पट्ट्याची बातमी फुटली म्हणून मला हसूं येतें; परंतु जून २०२२ मध्यें ‘द मार्कअप’ ह्या अमेरिकन वृत्तसंस्थेनें तेथील १०० नामांकित रुग्णालयांचीं संकेतस्थळें तपासलीं, तेव्हां ३३ ठिकाणीं हा पिक्सेल सांपडला. डॉक्टरच्या भेटीची वेळ ठरविण्यासाठीं बटण दाबतांच ती वार्ता फेसबुककडे जात होती. एका ठिकाणीं तर बटणाबरोबर डॉक्टरचें नांव आणि ज्या उपचारासाठीं तो डॉक्टर शोधला, ते शब्दही जात होते. आणि तो उपचार गर्भपाताचा होता. वृत्तसंस्थेनें विचारणा केल्यावर कांहीं रुग्णालयांनीं पिक्सेल काढून टाकला.