न्यूमनची कॉइल

१९८६ साली वॉशिंग्टनजवळच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या अमेरिकी सरकारच्या मोजमाप संस्थेत कोर्टाच्या आदेशावरून एक यंत्र तपासायला आलं. तांब्याच्या तारेची भलीमोठी कॉइल, तिच्या पोटात फिरणारा कायमचुंबक आणि ९ व्होल्टच्या शंभराहून अधिक छोट्या बॅटऱ्यांची एकसर जोडणी. दाब सुमारे १००० व्होल्ट. यंत्र मिसिसिपी राज्यातल्या ल्यूसडेल गावच्या जोसेफ न्यूमन यांचं. बॅटरीतून जेवढी ऊर्जा आत जाते त्याहून जास्त बाहेर पडते, असा त्यांचा दावा होता.

अशी स्वप्नं जुनी आहेत. आपल्या भास्कराचार्यांनीही ११५० च्या सुमारास ‘सिद्धांतशिरोमणी’त अर्धवट पारा भरलेल्या पोकळ आऱ्यांचं, आपोआप फिरत राहणारं चाक वर्णिलं आहे. पण चाक डोळ्यांना दिसतं, त्याची लबाडी फार काळ लपत नाही. १८३१ मध्ये फॅरडेने हलत्या चुंबकाने तारेत वीज उपजते हे दाखवलं, आणि स्वप्नाने घर बदललं. कॉइलमध्ये काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. १९२० साली सिएटलमध्ये आल्फ्रेड हबर्ड या तरुणाने आपल्या कॉइलवर पोर्टेज बे नावाच्या पाण्यात होडी चालवून दाखवली. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, कॉइलच्या आतलं गुपित मात्र त्याने उघड केलं नाही.

न्यूमन यांनी गुपित ठेवलं नाही, हे त्यांच्या बाजूने मुद्दाम सांगायला हवं. १९७९ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९८४ मध्ये जाडजूड पुस्तक काढलं. आपलं यंत्र शून्यातून ऊर्जा काढतं असं ते म्हणतच नव्हते. कॉइलच्या तांब्यातलंच थोडं द्रव्य ऊर्जेत बदलतं, अणूंमध्ये भोवऱ्यासारखे फिरणारे सूक्ष्म कण असतात, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला तेव्हा ते कोर्टात गेले. कोर्टाने नेमलेले तज्ज्ञ विल्यम श्यूलर हे स्वतः पूर्वीचे पेटंट आयुक्त. त्यांनी चक्क न्यूमन यांच्या बाजूने कौल दिला. जाणती माणसंही इतकी का पटली, याचं उत्तर यंत्राच्या रचनेत आहे.

कॉइलमध्ये हजारो वेढे असले की वीजप्रवाह बारीक राहतो आणि चुंबकीय क्षेत्र जोरदार तयार होतं. चुंबक फिरताना त्याच्याबरोबरचा कम्युटेटर जोडणी सतत तोडतो-जोडतो. जोडणी तुटली की क्षेत्र कोसळतं आणि क्षणभर प्रचंड दाबाचा झटका उठतो: ठिणगी उडते, ट्यूबलाइट लागते, काही प्रवाह उलटा बॅटरीकडे वळतो. विसावा मिळालेल्या बॅटरीचा दाबही थोडा वर येतो, म्हणून ती चार्ज होत असल्यासारखी वाटते. हा तमाशा खोटा नाही, ऊर्जा खरीच बाहेर येते. पण ती आधी त्याच बॅटरीने क्षेत्रात साठवलेली असते. शिवाय कॉइलमधून वीज काढू लागलं की तीच वीज चुंबकाच्या हालचालीला विरोध करते. लेन्झने हा नियम १८३४ मध्येच मांडला होता.

खरी अडचण मीटरची. साधा मीटर संथ, एकसारख्या प्रवाहासाठी बनवलेला असतो. अशा तुटक, टोकदार झटक्यांवर दाब एकीकडे, प्रवाह दुसरीकडे मोजून दोन्हींचा गुणाकार केला तर आकडा भलताच येतो. दोन्ही एकाच क्षणी मोजून, क्षणाक्षणाची बेरीज करावी लागते. ब्युरोने तशा तऱ्हेची उपकरणं लावली. जून १९८६ च्या अहवालात यंत्राची कार्यक्षमता २६ ते ६७ टक्के निघाली. एकाही चाचणीत बाहेरची शक्ती आतल्या शक्तीपेक्षा जास्त नव्हती. यंत्र अर्थिंगला जोडल्यामुळे शक्ती जमिनीत गेली, अशी न्यूमन यांची तक्रार होती.

त्याच वर्षी जुलैत सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. समितीत अंतराळवीर जॉन ग्लेन होते. त्यांनी सिद्धांताच्या जंगलात पाऊलच टाकलं नाही. आत किती जातं ते मोजा, बाहेर किती येतं ते मोजा, आणि कुठलं मोठं ते पाहा, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यासाठी तटस्थ तपासणी त्यांनी सुचवली. न्यूमन यांनी ती नाकारली. यंत्र कसं चालतं यावर वर्षानुवर्षं चाललेल्या वादात हा सर्वांत उपयोगी प्रश्न होता, आणि तो विचारायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नव्हती.

१९८८ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि १९८९ मध्ये अपील न्यायालयाने पेटंट नाकारण्याचा निर्णय कायम ठेवला. न्यूमन २०१५ मध्ये वारले. तोपर्यंत आपल्या कॉइलवरचा त्यांचा विश्वास ढळला नव्हता.